पुरावा मागणाऱ्यांपुढे गाणं

१९३६ साली कार्ल सेल्ट्झर हा मानववंशशास्त्रज्ञ अमेरिकन सरकारच्या वतीने उत्तर कॅरोलिनातल्या रॉबसन काउंटीत गेला आणि त्याने आज लंबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमातीतल्या २०९ माणसांची डोकी, नाकं, केस, कातडी तपासली. त्यांतल्या २२ जणांतच निम्मं किंवा अधिक ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवाशांचं, रक्त असल्याचा निर्वाळा त्याने दिला. सख्खी भावंडंही वेगवेगळ्या रकान्यांत जाऊन पडली. लंबी जमातीने गेल्या पन्नास वर्षांत गाण्या-नाचण्यातून आणि गोष्टींतून स्वतःची जी ओळख मांडली, तिचा मागोवा या मोजमापापासूनच घ्यायला हवा. जमातीची मूळ भाषा केव्हाच लोपलेली, राखीव प्रदेश नाही. राज्याने १८८५ मध्ये मान्यता दिली. १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने लंबी हे नाव मान्य केलं, पण इतर जमातींना मिळणाऱ्या सेवा त्याच कायद्याने नाकारल्या. मग असा समाज मंचावर आला की बघणारा त्यातही दाखला शोधतो: हे खरंच जुनं आहे का? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. या कलांचं पहिलं काम आपलीच गोष्ट आपल्या माणसांना आपल्या तोंडून ऐकवण्याचं होतं.

१९७६ मध्ये सुरू झालेलं ‘स्ट्राइक ॲट द विंड’ हे खुल्या रंगमंचावरचं संगीत नाटक त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. नायक हेन्री बेरी लोरी. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यासाठी किल्ला बांधायला इंडियनांना जबरदस्तीने नेत होते, म्हणून माणसं दलदलीत लपत. १८६५ मध्ये होमगार्ड या दक्षिणेच्या स्थानिक दलाच्या लोकांनी लोरीच्या वडिलांना आणि भावाला गोळ्या घातल्या. त्यानंतर त्याच्या टोळीने सत्ताधाऱ्यांना काही वर्षं जेरीस आणलं. १८७२ मध्ये तो नाहीसा झाला, तो मेला की निसटला हे कधीच कळलं नाही. सरकारदरबारी तो दरोडेखोर, घरोघरी तो आपला माणूस. नाटकाने ही घरातली बाजू चारचौघांत आणली. आक्षेप असा की लेखक रँडॉल्फ अंबर्गर जमातीबाहेरचे, आणि साचाही राज्यात १९३७ पासून पर्यटकांसाठी चालत आलेल्या ‘द लॉस्ट कॉलनी’सारख्या नाटकांचा. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण संगीत विली फ्रेंच लोरी या लंबी संगीतकाराचं होतं, आणि वर्षानुवर्षं त्या भूमिका करणारे बहुतेक आसपासचेच लोक होते. आपल्याच पूर्वजाच्या तोंडचे संवाद उन्हाळाभर पाठ करणाऱ्या पोराला लेखक कुठला, याने काय फरक पडतो?

पाववाव या ढोल-नाचांच्या मेळाव्यावरचा आक्षेप अधिक जड आहे. तो ढोल, ते नाच बरेचसे पश्चिमेकडच्या मैदानी जमातींकडून आले आणि लंबींमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. बघणाऱ्याला हवा तसा इंडियन दाखवण्याचा मोह त्यात मुळीच नव्हता, असं मी म्हणणार नाही. तरी उसनवारी तिथेच थांबली नाही. एका जुन्या गोधडीवरची पाइनच्या शंकूची नक्षी पोशाखांवर आली, आणि ती नक्षी तिथल्या लाँगलीफ पाइनच्या रानाची आहे. शिवाय जमाती-जमातींत नाचांची देवाणघेवाण नेहमीच होत आली. इतरांना मुभा आणि लंबींकडे मात्र पावती मागायची, हा न्याय कुठला?

माझी तक्रार वेगळीच आहे. लंबींचं सर्वांत मुरलेलं संगीत चर्चमधलं आहे, भजनांचं आणि गॉस्पेलचं. घराणी, वस्त्या आणि नाती त्या गाण्याभोवती टिकली. इतिहासकार मालिंडा मेनर लोरी यांनी ‘साउंड्स ऑफ फेथ’ या माहितीपटात तेच टिपलं. पण ‘संस्कृती’ दाखवायची वेळ आली की ढोल पुढे येतो आणि गॉस्पेल मागे राहतं, कारण ख्रिस्ती गाणं बाहेरच्याला इंडियन वाटत नाही. सेल्ट्झरची पट्टी अशी श्रोत्याच्या कानात शिल्लक आहे. २०२५ च्या डिसेंबरात संरक्षण खर्चाच्या कायद्यातल्या एका तरतुदीने जमातीला पूर्ण केंद्रीय मान्यता मिळाली. ती राजकीय मतांच्या जोरावर मिळाली, कुठल्या नाचाचं वय सिद्ध करून नव्हे. तेव्हा शाळांत आणि महोत्सवांत लंबींची ओळख करून देणाऱ्यांनी आता कार्यक्रमाची सुरुवात खुशाल चर्चमधल्या गाण्याने करावी.