आडनाव लावलं तर फाशी

ज्या आडनावानं आज इवान मॅकग्रेगर सिनेमाच्या पडद्यावर झळकतो, ते लावलं म्हणून चारशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये माणसाचा जीव जाऊ शकत होता. गुन्हा कोणता? नाव.

‘मॅक’ म्हणजे गेलिक भाषेत मुलगा. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा, मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा. मॅकग्रेगर हा ग्रेगरचा. मुलगी मात्र ‘मॅक’ होत नाही. गेलिकमध्ये तिचं आडनाव ‘निक’नं सुरू होतं, कारण ती लेक! बापाचं नाव आपणही मध्ये लावतो, पण मुलगा की मुलगी हे आडनावानंच सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ग्लेन ऑर्की आणि ग्लेनस्ट्री या डोंगरखोऱ्यांत मॅकग्रेगर राहायचे. शेजारच्या बलाढ्य कॅम्पबेलांनी त्यांच्या जमिनी हळूहळू गिळल्या. १५७० मध्ये त्यांच्या ग्रेगर नावाच्या प्रमुखाचं डोकं उडवलं, तेही कॅम्पबेलांनीच. त्याची बायको त्याच कॅम्पबेलांची लेक. बाळाला जोजवत तिनं नवऱ्यासाठी केलेला विलाप अंगाईच्या चालीवर आजही गायला जातो.

फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइनच्या खोऱ्यात मॅकग्रेगरांनी कहून घराण्याची मोठी कत्तल केली. राजा सहावा जेम्स भडकला. इंग्लंडचं सिंहासन नुकतंच त्याच्याकडे आलं होतं. ३ एप्रिलला मॅकग्रेगर हे नावच रद्द झालं आणि दोन दिवसांनी राजा लंडनच्या वाटेला लागला. नाव टाका, नाहीतर मरा! पुढच्याच जानेवारीत घराण्याचा प्रमुख अलास्टर एडिनबरोत फासावर गेला. १५७० मध्ये मारल्या गेलेल्या त्या ग्रेगरचाच हा मुलगा. बाकीच्यांनी जवळ शस्त्र ठेवायचं नाही. जेवताना मांस कापायला सुरी चालेल, पण तिला टोक नको. सरकारची नजर माणसाच्या ताटापर्यंत पोचली होती.

मग कुणी मरे झालं, कुणी ग्रँट, कुणी ड्रमंड. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा लादली गेली. तेव्हा पुढे साहसांसाठी गाजलेला रॉब रॉय मॅकग्रेगर बाविशीत होता. यानं कोणतं नाव घ्यावं? आईच्या माहेरचं, कॅम्पबेल! ज्यांनी जमीन घेतली, त्यांचंच आडनाव सहीला. ही निवड मला त्याच्या सगळ्या साहसांहून मोठी वाटते.

१७३४ मध्ये तो वारला. बंदी कायमची उठली ती १७७४ मध्ये, तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. बॅल्व्हिडरच्या जुन्या चर्चच्या आवारात त्याचं थडगं आहे. तिथं आता मोठ्या अक्षरांत कोरलंय, त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर.