जाड अक्षर झुकतं तेव्हा

घर बांधताना ‘स्लॅब पडला’ म्हणतात, तो स्लॅब अक्षरांच्या जगातही आहे. रोमन लिपीतला मोठा ‘आय’ डोळ्यांपुढे आणा. पुस्तकी छपाईत त्याच्या डोक्याला आणि पायाला एक बारीक आडवी रेघ असते, तिला सेरिफ म्हणतात. ती रेघ उभ्या दांड्याइतकी जाड आणि काटकोनी केली की स्लॅब सेरिफ तयार होतं.

हे वळण लंडनचं. व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्या कारागिराने 1815 च्या सुमारास ते ‘अँटिक’ या नावाने नमुन्यांच्या पुस्तकात दाखवलं. शहर जाहिरातींनी भरू लागलं होतं आणि पुस्तकातली नाजूक अक्षरं रस्त्यापलीकडून वाचता येत नव्हती. नेपोलियनच्या 1798 च्या स्वारीपासून युरोपला इजिप्तचं वेड लागलेलं, म्हणून पुढे या अक्षरांना ‘इजिप्शियन’ नाव चिकटलं. इजिप्तच्या लिपीशी त्यांचा काडीचाही संबंध नाही.

भिंतीवरचं हे जाड अक्षर पुस्तकाच्या ओळीत आणून बसवलं रॉबर्ट बेस्ली यांनी. त्यांचा ‘क्लॅरेंडन’ 1845 साली आला. शब्दकोशातला मूळ शब्द ठळक आणि अर्थ साध्या टाइपात, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी सोय अशा टाइपामुळे रुळली. बेस्लींना नोंदणीचं संरक्षण मिळालं ते फक्त तीन वर्षांचं. मुदत सरताच इतरांनी भराभर नकला ओतल्या. पण क्लॅरेंडनला तिरपी जोड नव्हती, आणि ही उणीव पुढे फार काळ राहिली.

याचं कारण मला ठळक स्लॅब आणि तिरपं इटालिक या दोन्ही अक्षरांच्या जन्मात दिसतं. इटालिक मुळात हस्ताक्षर आहे. व्हेनिसमध्ये आल्डुस मानुत्सिओ या मुद्रकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने ते कोरलं आणि 1501 साली व्हर्जिलचं अख्खं पुस्तक त्यात छापलं गेलं. म्हणजे एक अक्षर लेखणीच्या वेगातून आलेलं आणि दुसरं रस्त्यावरच्या आरोळीतून. त्यांचा संसार जुळवायचा तर कष्ट पडणारच.

संगणकावर एक बटण दाबून अक्षर कलतं करता येतं, आणि नेमकी तिथेच ठळक स्लॅबची दैना होते. उभा दांडा कलला की किंचित बारीक होतो, पण आडवा स्लॅब होता तेवढाच जाड राहतो. दोघांची बरोबरी हाच या अक्षराचा प्राण, आणि तीच मोडते. गोल ‘ओ’ची वरची उजवी आणि खालची डावी बाजू फुगते, उरलेल्या दोन बाजू आक्रसतात. दांडा आणि स्लॅब यांच्यातला एक कोन अरुंद होतो, त्यात हलक्या कागदावर शाई साचते. छोट्या ‘एम’चे तीन दांडे आधीच दाटीत उभे, त्यात प्रत्येकाच्या पायात जाड स्लॅब. मग चांगला अक्षरकार गोलाई नव्याने काढतो, स्लॅब आखूड करतो, कुठे आतल्या बाजूचा काढूनच टाकतो. पोकळी जपणं हे ठळक अक्षराचं निम्मं काम आहे, असं मला भिंगातून छापील पानं पाहताना नेहमी वाटतं.

मोनोटाइपचा ‘रॉकवेल’ (1934) भूमितीला धरून राहिला. त्याचं ठळक इटालिक म्हणजे मुख्यतः कललेलं सरळ अक्षरच. दोन-चार शब्दांच्या मथळ्याला ते शोभतं, परिच्छेदभर वाचवत नाही. उलट नेदरलँड्सच्या पेटर मॅथियास नोर्डझाय यांनी 1990 च्या ‘सेसिलिया’त स्लॅबला खरं इटालिक दिलं. हातात लेखणी धरून काढल्यासारखी निमुळती, वाहती अक्षरं. या कुटुंबात ठळक अक्षराचा क्रमांक 75 आणि त्याच्या तिरप्या भावंडाचा 76. किंडलवर सुरुवातीच्या काळात वाचणाऱ्यांनी सेसिलिया नाव न कळताच पाहिलेला आहे. क्लॅरेंडनच्या वळणाला इटालिकची जोड देणारा होफलर आणि फ्रेर-जोन्स यांचा ‘सेंटिनल’ आला तो थेट 2009 साली.

एवढा खटाटोप लागतो कुठे? इंग्रजीत पुस्तकाचं, चित्रपटाचं नाव इटालिकमध्ये छापायचा रिवाज आहे. मथळा ठळक स्लॅबमध्ये असेल तर त्यातलं नाव ठळकही हवं आणि तिरपंही. लंडनच्या ‘गार्डियन’ या दैनिकाने 2005 साली रूप बदललं तेव्हा पॉल बार्न्स आणि ख्रिश्चन श्वार्ट्झ यांनी त्याच्यासाठी ‘गार्डियन इजिप्शियन’ हे मोठं स्लॅब कुटुंब घडवलं, इटालिकांसह. खेळाचं पान, सामन्याचं भित्तिपत्रक, डब्यावरचं नाव इथेही हे अक्षर खुलतं, कारण त्यात वजन आणि धाव एकत्र असते.

आपल्या देवनागरीला इटालिकची परंपरा नाही. जोर द्यायचा तर आपण शब्द ठळक करतो किंवा अवतरणात घालतो. तरी मराठी मजकुरावर ते बटण सर्रास दाबलं जातं. शिरोरेषा आडवीच राहते, तिच्याखालचे दांडे कलतात आणि वरचा रफार उजवीकडे सरकतो. ‘धर्म’ आणि ‘मूर्ती’ ठळक करून तिरपे छापून बघा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या संस्थेच्या ‘मुक्ता’ कुटुंबात सात वजनं आहेत, पण तिरपं एकही नाही. ही निवड मला योग्य वाटते. तिरपी देवनागरी हवीच असेल तर ती बोरूच्या झपाझप लिहिण्यातून यावी. जुन्या पत्रांत, वह्यांत तसे हात भरपूर सापडतात, आणि त्यांतला रफार आपली जागा सोडत नाही.