बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात वीट का?

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या डोईफोडियाहून जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्यांनी तापीकाठचा शाही किल्ला जरूर पाहावा. दगड परवडला नाही म्हणून तो विटांचा बांधला, असं सहज वाटतं. मला हे पटत नाही. याच शहरातली 16व्या शतकातली, फारुकी सुलतानांच्या काळातली जामा मशीद काळ्या पाषाणाची आहे. म्हणजे दगड होता आणि तो घडवणारे हातही होते. तरीही किल्ल्यातल्या महालात वीट आली, कारण तिथलं काम वेगळं होतं. तिथला हमाम, म्हणजे स्नानगृहच बघा. कमानी, घुमट, कोनाडे अशा वळणदार आकारांसाठी लहान वीट आणि चुना फार सोयीचे. प्रत्येक दगड त्या वळणात तासत बसावं लागत नाही. वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा दिला की चित्रांसाठी जमीन तयार! हमामच्या छतावरची रंगीत वेलबुट्टी आजही दिसते, ती या गिलाव्यामुळेच. शिवाय विटांसाठी लागणारी गाळाची माती तापीच्या खोऱ्यात मुबलक आहे.

यावर आक्षेप येतो: मशीद धडधाकट, महाल मात्र ढासळलेला, मग वीट कमीच ना? पण मशीद वापरात राहिली, तिची निगा राहिली. महाल ओस पडला. गिलावा गळाला की वीट उघडी पडते, पावसाचं पाणी सांध्यांतला चुना खातं, भेगेत पिंपळ रुजतो. हा दोष देखभालीचा आहे. छप्पर शाबूत राहिलेला हमाम त्याच विटांचा असून उभा आहे, हे कसं विसरायचं? म्हणून तिथे दुरुस्ती करताना सिमेंट नको, चुनाच हवा. सिमेंट ओल आत कोंडतं आणि जुनी वीट भुसभुशीत होते.