माडीचं घड्याळ

पहाटे साडेपाच
अलिबागजवळच्या अष्टागरात, नागावच्या वाडीत अजून अंधार. भंडारी कमरेला कोयती नि मडकं अडकवतो आणि बुंध्यावरच्या खापांत पाय रोवत माडावर चढतो. वर न उमललेली पोय दोरीने करकचून बांधलेली, ठोकून ठोकून मऊ केलेली. तिच्या टोकाखालचं मडकं रात्रभर थेंब थेंब भरलंय. ते काढायचं, टोकाची पातळ चकती उडवायची, रिकामं मडकं लावायचं. मग पुढचा माड.

सकाळी सात
माडी गाळली की मधमाश्या, मुंग्या फडक्यात राहतात. पहिला घोट शहाळ्याहून गोड, पण जिभेवर किंचित चुरचुर. आंबणं मडक्यातच सुरू झालेलं असतं. मडक्याला आतून चुना लावला असता तर ते थांबलं असतं. ती नीरा.

सकाळी दहा
भांड्यावर फेस. ताज्या रसात साखर साधारण 12 ते 15 टक्के. यीस्ट ती खात सुटतं, गोडी उतरते, आंबटपणा चढतो.

दुपारी एक
जेवण, मग कोयतीला धार. धार बोथट असली की पोय चेचते, रस आटतो. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार माडीलाही परवाना लागतो. म्हणून दुकानावर ‘सरकारमान्य माडी विक्री केंद्र’ अशी पाटी.

वाइनचं घड्याळ वेगळं. ऑस्ट्रियाच्या बुर्गनलांडात ब्लाउफ्रँकिश द्राक्षाची लाल वाइन होते. खास मळ्याची असेल तर बाटलीवर ‘रीड’ लिहून मळ्याचं नाव छापतात, सोबत साल. चांगली बाटली वर्षानुवर्षं मुरते. माडीला इतका धीर नाही. तिची चव सालावर नाही, तासावर ठरते.

संध्याकाळी पाच
पुन्हा तेच माड, तीच चढण, पुन्हा एक चकती. खाली सकाळची माडी आता कडक झालेली: गोडी जवळपास संपलेली, वास उग्र, अल्कोहोल चार-पाच टक्क्यांपर्यंत. कुणाला हीच हवी असते.

रात्री नऊ
उरलेली माडी उद्यापर्यंत आंबट ढाण होईल. गोव्यात अशा माडीचा शिरका करतात, आणि ताजीवर तांदळाची सान्नां फुगवतात.

अष्टागरात कुणी माडीचा पेला पुढे केला, तर कुठल्या वाडीतली हे नंतर विचारा. आधी विचारा, किती वाजता उतरवली?