दहा लाख गेले, मेसेज कोणी वाचले?

ऑगस्ट २०२१मध्ये जोगेश्वरीतल्या १६ वर्षांच्या एका मुलाने पबजीच्या नादात आईच्या बँक खात्यातले १० लाख रुपये उडवले. घरचे रागावले, तसा चिठ्ठी लिहून तो बुधवारी संध्याकाळी घरातून निघून गेला. गुरुवारी तो पोलिसांना अंधेरी पूर्वेला महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला.

त्याला महिनाभरापासून खेळाचं वेड लागलं होतं, असं वडिलांनी पोलिसांना सांगितलं. १० लाखांना ३० ने भागा, रोजचे ३३ हजार होतात. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला १ लाख. त्या वाटेने एवढे पैसे जायलाही किमान १० दिवस लागतात. म्हणजे हे एका रात्रीत घडण्यासारखं नाही. व्यवहार झाला की ग्राहकाला एसएमएस गेलाच पाहिजे, हे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकातच बँकांना बजावलं आहे. पण मूल आईच्याच फोनवर खेळत असेल, तर ओटीपीही त्याच्याच हातात येतो आणि पैसे कापल्याचा मेसेज पुसायला दोन सेकंद पुरतात. खेळ, पैसा आणि पहारा, तिन्ही एकाच फोनवर! माझ्या मते खरी गोम इथे आहे.

त्याच परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. घरच्याच मुलाला पिन ठाऊक असेल तर बँकेशी भांडायला फारसा आधार उरत नाही. म्हणून बँकेचे ईमेल अलर्ट चालू करून ते दुसऱ्या पालकाच्या फोनवर उघडा. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून दोन-तीन हजारांवर आणा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागणारी सेटिंग लावा, आणि तो पासवर्ड मुलासमोर टाइप करू नका.

बंदीवर विसंबू नये. पबजीवर सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजीच बंदी घातली होती; जुलै २०२१मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला. २०२५चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. खेळातली बंदूक किंवा पोशाख विकत घेणं त्यात येत नाही. चीनने मात्र ऑगस्ट २०२१च्याच अखेरीस १८ वर्षांखालच्यांना ऑनलाइन खेळांसाठी आठवड्याला जेमतेम ३ तास ठरवून दिले.

मुलांविरुद्धचे सायबर गुन्हे देशात २०२१मध्ये १,३७६ होते, २०२२मध्ये १,८२३ झाले. सुमारे ३२ टक्के वाढ. पण बेपत्ता अल्पवयीन मुलाची नोंद पोलीस अपहरण म्हणून करतात. असं घर सोडलेलं मूल सायबरच्या रकान्यात दिसतच नाही.

पैशांपेक्षा मला ती बुधवारची रात्र जास्त सलते. रागावण्याआधी मुलाला एवढं सांगा, की पैशांचं आपण बघू, तू घरातच राहा. आणि १०९८ हा नंबर त्याला पाठ करून द्या. १९९६मध्ये मुंबईतच सुरू झालेली ही हेल्पलाइन मुलांसाठीच आहे. तिथे मूल स्वतः फोन करू शकतं, घर सोडायच्या आधीसुद्धा.