लांबलचक संध्याकाळ, अडीच गुंठे आणि एक सायकल

एक कोडं सोडवा पाहू. रात्रीचे नऊ वाजलेत. मुलं अजून गल्लीत सायकली फिरवताहेत. आजोबा झारीने वाफ्यांना पाणी घालताहेत. आई दोरीवरचे कपडे काढतेय आणि कुणीही दिवा लावलेला नाही! सांगा, हे गाव कुठलं?

हे गाव आहे उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं, आणि महिना आहे जूनचा.

मुंबई विषुववृत्तापासून १९ अंश उत्तरेला आहे, तर यॉर्क हे शहर ५४ अंशांवर. पृथ्वीचा आस कललेला आहे, हे तुम्ही भूगोलात शिकलाच आहात. जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो. त्यामुळे जितकं उत्तरेला जावं तितका दिवस मोठा होत जातो. २१ जूनच्या सुमारास मुंबईत सव्वासातच्या आसपास सूर्य मावळतो. यॉर्कमध्ये मात्र तो पहाटे साडेचारला उगवून रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो! त्यातला एक तास घड्याळाची करामत असतो बरं का. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे सगळी घड्याळं एक तास पुढे करतात.

पण याची दुसरी बाजूही ऐका. डिसेंबरात तिथे दुपारी पावणेचारच्या सुमारासच सूर्य बुडतो. शाळेतून घरी येईपर्यंत अंधार! म्हणूनच तिथली माणसं उन्हाळ्यावर अशी तुटून पडतात. शाळांची मोठी सुटी जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, साधारण सहा आठवडे असते. जुलैच्या दुपारी पारा जेमतेम २०-२१ अंशांवर असतो. आपण मे महिन्यात जी हवा शोधत महाबळेश्वरला जातो, तोच त्यांचा भर उन्हाळा! पाऊस तर कधीही हजेरी लावतो. त्यामुळे सहलीच्या पिशवीत डबा आणि रेनकोट जोडीनेच जातात.

घराला अंगण नाही? मग मळा घ्या!

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लीड्ससारख्या गिरण्यांच्या शहरात कामगारांची घरं पाठीला पाठ लावून बांधलेली असत. मागची भिंत दोन घरांत एकच. मग परसबाग येणार कुठून? अशा लोकांना भाजी पिकवायला जमीन मिळावी, म्हणून १९०८ मध्ये कायदा झाला. लोकांनी मागणी केली, तर नगरपालिकेने त्यांना भाड्याने जमिनीचे तुकडे द्यायचे. या तुकड्यांना तिकडे ‘अलॉटमेंट’ म्हणतात. आपण ‘मळा’ म्हणू या.

पूर्ण मळ्याचं जुनं माप आहे एकराचा सोळावा हिस्सा. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे किती झाले? बरोब्बर अडीच गुंठे!

या अडीच गुंठ्यांत अख्खं कुटुंब राबतं. मेच्या मध्यापर्यंत रात्री दंव गोठून कोवळी रोपं करपतात. म्हणून टोमॅटोची रोपं मार्चपासूनच घरातल्या खिडकीत वाढवायची आणि थंडी सरल्यावर मळ्यात न्यायची. बांबूच्या काठ्यांचा तंबू करून त्यावर रनर बीनचा वेल चढवायचा. ही आपल्या श्रावणघेवड्याची चुलत बहीण, फुलं लालभडक. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैमध्ये बटाटे आणि ऑगस्टमध्ये झुकिनीचा पूर! दोन दिवस मळ्यात गेलं नाही, की बोटाएवढी झुकिनी दुधी भोपळ्याएवढी होते. मग शेजाऱ्यांना वाटत सुटायचं. शेजारीही हसत नकार देतात, कारण त्यांच्याकडेही तोच पूर आलेला असतो.

मुलांना दिलेलं खास काम असतं रात्रीचं. बॅटरी घेऊन निघायचं आणि पानं कुरतडणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगायी डब्यात गोळा करायच्या. ई... म्हणत का होईना, पण मुलांना हे काम भारी आवडतं! दक्षिण आशियातून तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या मळ्यांत कोथिंबीर आणि मेथीही डोलताना दिसते.

तुम्ही म्हणाल, हवा तेव्हा मळा मिळतो का? छे! बऱ्याच शहरांत रांग इतकी लांब आहे, की नाव नोंदवून काही वर्षं थांबावं लागतं. या जागांवर घरं बांधणाऱ्यांचाही डोळा असतो. पण १९२५ च्या कायद्याप्रमाणे, मळ्यांसाठी म्हणून घेतलेली जमीन सरकारची परवानगी घेतल्याशिवाय नगरपालिकेला विकता येत नाही. आणखी एक काळजी आहे पाण्याची. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये पाऊस इतका कमी झाला, की यॉर्कशायरमध्ये नळीने बागेला पाणी घालायला बंदी आली. तेव्हा शेडच्या छपरावरून पिंपात साठवलेलं पावसाचं पाणीच कामी आलं.

सायकलवरून थेट प्लूटोवर

आता सायकल काढा. यॉर्कहून दक्षिणेला सेल्बी नावाचं गाव आहे. या वाटेवरून पूर्वी लंडनला जाणाऱ्या आगगाड्या धडधडत जायच्या. पुढे सेल्बीजवळ जमिनीखालचा कोळसा काढायचं ठरलं. खाली खाण खणली तर वरचे रूळ खचणार! म्हणून १९८३ मध्ये रेल्वेचा मार्ग बदलला. जुनी वाट ओस पडली. तेव्हा ‘सस्ट्रान्स’ या संस्थेने पुढाकार घेऊन तिथे सायकलींचा रस्ता केला. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून रुळांची वाट नेहमी सपाट असते. छोट्या मुलांना आणि आजीआजोबांना याहून चांगला रस्ता कुठला?

१९९९ मध्ये या रस्त्यावर चक्क सूर्यमाला उभारली गेली. यॉर्कच्या टोकाला सुमारे अडीच मीटर व्यासाचा सूर्य. तिथून २६० मीटरवर पृथ्वी, मोठ्या गोटीएवढी. गुरू सव्वा किलोमीटरच्या पुढे आणि प्लूटो तब्बल १० किलोमीटरवर! २००६ पासून प्लूटोला ग्रह मानत नाहीत, पण इथली त्याची जागा कायम आहे. गंमत म्हणजे, सूर्याचा प्रकाश खऱ्या पृथ्वीवर पोचायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. इथे सायकलवाला एका मिनिटाच्या आत पोचतो. म्हणजे या मापात तुम्ही प्रकाशाच्या सुमारे दसपट वेगाने जाता!

सगळीकडे मात्र अशी निर्धोक वाट नाही. यॉर्कशायरचे डोंगररस्ते अरुंद आहेत आणि मोटारी भरधाव. म्हणून दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बऱ्याच शाळांमधून रीतसर सायकलशिक्षण देतात. आधी मैदानात आणि मग शिक्षकांबरोबर खऱ्या रस्त्यावर. मागे वळून पाहणं, हात दाखवून वळणं, चौकात कुठे थांबायचं, सगळं शिकवतात.

रूबार्बच्या शेतातली विजेती

मळा, सायकल आणि कुटुंब या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या असतील, तर बेरिल बर्टनची गोष्ट ऐकाच.

बेरिलचा जन्म १९३७ चा, लीड्सचा. लहानपणी तिला संधिवाताचा ताप आला. दोन वर्षांच्या आसपास तिने रुग्णालयात आणि आरोग्यधामात काढली. डॉक्टरांनी बजावलं, ‘हिला दमायचं काम देऊ नका.’ पुढे चार्ली बर्टनशी तिचं लग्न झालं. त्याला सायकलीचा नाद होता. त्याच्यामुळे तीही सायकल चालवू लागली आणि बघता बघता सगळ्यांच्या पुढे गेली!

ती कामाला होती मॉर्ली गावातल्या रूबार्बच्या शेतावर. रूबार्ब म्हणजे लालसर दांड्यांची भाजी, चवीला अंबाडीसारखी आंबट. पानं विषारी असतात, म्हणून फक्त दांडे साखर घालून शिजवतात. या भागात हिवाळ्यात ती अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात. उजेड नसला की दांडे कोवळे राहतात. या शेतावर दिवसभर खोदायचं, ओझी उचलायची आणि मग सायकलचा सराव करायचा, असा बेरिलचा दिनक्रम होता.

१९६७ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. बारा तासांत कोण जास्त अंतर कापतो, अशी शर्यत होती. पुरुष स्पर्धक आधी सुटले, बेरिल त्यांच्या मागून. एकेकाला मागे टाकत ती पोचली माइक मॅकनमारापाशी. तो स्वतः पुरुषांचा नवा विक्रम करायला निघाला होता! बाजूने जाताना बेरिलने खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याला दिली. त्याने ती घेतली आणि बेरिल पुढे निघून गेली. त्या दिवशी मॅकनमाराने खरोखरच पुरुषांचा विक्रम केला, ४४५ किलोमीटरचा. बेरिलचं अंतर होतं ४४६ किलोमीटर! पुरुषांना तिला मागे टाकायला दोन वर्षं लागली. आणि स्त्रियांना? पन्नास वर्षं, २०१७ पर्यंत!

ती सात वेळा जगज्जेती झाली. ऑलिंपिकमध्ये मात्र कधीच नाही, कारण तिथे स्त्रियांची सायकलशर्यत सुरूच झाली १९८४ मध्ये.

तिची मुलगी डेनिसही सायकलपटू. १९७२ मध्ये जागतिक स्पर्धेसाठी ब्रिटनच्या संघात मायलेकी दोघी होत्या. १९७६ च्या राष्ट्रीय शर्यतीत डेनिसने आईला हरवलं, तेव्हा रागावलेल्या बेरिलने तिच्याशी हातसुद्धा मिळवला नाही. पण १९८२ मध्ये त्याच दोघींनी दोघांच्या एकाच सायकलवर बसून १० मैलांचा राष्ट्रीय विक्रम केला. घर म्हटलं की हे असं चालायचंच, नाही का?

१९९६ मध्ये बेरिल गेली, तीही सायकलवरच. स्वतःच्या वाढदिवसाची आमंत्रणं वाटायला निघाली होती. मॉर्लीत तिच्या नावाची छोटी बाग आहे. तिथल्या भिंतीवर रंगवलेली बेरिल आजही सायकल चालवते आहे.

करून पाहा

यॉर्कसारखी सूर्यमाला तुम्हालाही मांडता येईल. मैदानात एक फुटबॉल ठेवा, तो सूर्य. साडेतेवीस मीटरवर मोहरीचा एक दाणा ठेवा, ती पृथ्वी. सूर्यापासून १२२ मीटरवर गोटी, तो गुरू. प्लूटो मात्र येईल एक किलोमीटरला थोडा कमी अंतरावर. तो ठेवायला सायकलच काढावी लागेल!