कामगारकपात

उद्योगसंस्थेच्या गरजेपेक्षा अधिक ठरलेल्या कामगारांना, त्यांचा काही अपराध नसताना, सेवेतून कायमचे कमी करणे म्हणजे कामगारकपात होय. शिस्तभंगाबद्दलची बडतर्फी, सेवानिवृत्ती किंवा कच्च्या मालाच्या टंचाईमुळे तात्पुरते काम न देणे यांहून ती भिन्न आहे. मागणीतील घट, नवी यंत्रसामग्री व संस्थांचे एकत्रीकरण ही तिची नेहमीची कारणे होत.

भारतात औद्योगिक कलह अधिनियमात 1953 साली झालेल्या दुरुस्तीने कपातीसाठी एक महिन्याची पूर्वसूचना आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाईदाखल देणे बंधनकारक झाले. तथापि बार्शी लाइट रेल्वे शासनाकडे गेल्यावर उद्भवलेल्या वादात, कपात चालू उद्योगातच संभवते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये दिला. त्यामुळे उद्योग बंद पडल्याने बेकार होणारे कामगार भरपाईस मुकले; ही उणीव 1957 मध्ये दूर करण्यात आली. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही भरपाईचा आधार पंधरा दिवसांच्या वेतनाचाच आहे. या हिशेबाने वीस वर्षे राबलेल्या कामगारास सुमारे दहा महिन्यांचे वेतन मिळते. पंचेचाळिशीतील विणकराचे कौशल्य मागावरच मोलाचे असते. नवे काम मिळाले, तरी ते बहुधा कमी वेतनाचे व बिनभरवशाचे असते आणि भरपाई कर्जफेडीत संपते.

कपातीने वेतनखर्च ताबडतोब घटतो व ती बचत ताळेबंदात दिसते. खर्चाची बाजू मात्र विखुरलेली असते. भरपाई व उपदान या उघड रकमा. परंतु मागे राहिलेल्यांवर वाढलेला कामाचा बोजा, त्यांच्या मनातील असुरक्षितता, वाढणाऱ्या चुका आणि पुढे मागणी वाढल्यावर नव्या माणसांची भरती व प्रशिक्षण यांचा खर्च कपातीच्या नावे कोणी मांडत नाही. अनुभवाला तर हिशेबाच्या वहीत खातेच नसते. भारतातील सरकारी बँकांच्या 2000-01 मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचे वेतन किंवा उरलेल्या सेवाकाळाचे वेतन, यांपैकी कमी असेल ते देऊ करण्यात आले आणि एक लाखाहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. सक्ती टळते, हा अशा योजनांचा गुण. परंतु ज्यांना अन्यत्र काम मिळण्याची खात्री असते, तेच प्रथम अर्ज करतात. संस्थेला नको असलेले नव्हे, तर हवे असलेले कर्मचारी त्यामुळे जाण्याचा संभव असतो. म्हणून काही संस्था कपातीऐवजी नवी भरती थांबविणे, जादा काम बंद करणे किंवा कामगारांना दुसऱ्या खात्यात शिकवून घेणे हे मार्ग आधी अवलंबितात. त्यांनी बचत सावकाश होते, परंतु शिकलेला कामगार हातचा जात नाही.